‘ब्वेनो’शेजारी ‘बरा’ ठेवून पाहा

प्रश्न थोडक्यात असा: ‘स्पॅनिश शिकायला लागून 8 महिने झाले. शब्दकोशात ब्वेनो म्हणजे चांगला असं दिलं आहे. ऑनलाइन ओळख झालेल्या मेक्सिकोच्या मैत्रिणीनं “कोमो एस्तास?” म्हणजे “कशी आहेस?” विचारलं. मी “एस्तोय ब्वेना” म्हटलं, तर ती हसतच सुटली. नेमकं काय चुकलं? ब्वेनो, ब्वेन आणि ब्येन यांतलं कुठे काय वापरायचं? आणि वाक्याच्या सुरुवातीला उगाचच एक ब्वेनो येतो, तो काय असतो?’

तुमची चूक अस्सल मराठी आहे. मी 22 वर्षं स्पॅनिश शिकवतोय आणि दर बॅचमध्ये निदान एक जण तरी ही चूक करतोच. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला आपलं उत्तर असतं ‘बरी आहे’. यातला ‘बरी’ हा शब्द विशेषण आहे. पुरुष बोलत असेल तर त्याचा ‘बरा’ होतो. हीच सवय घेऊन आपण स्पॅनिशमध्ये शिरतो आणि तिथलं विशेषण शोधून त्याला स्त्रीलिंगी करतो. ‘एस्तोय’ म्हणजे मी आहे, ‘ब्वेना’ म्हणजे बरी. हिशेब चोख, वाक्य घोटाळ्याचं. या जागी स्पॅनिश माणूस विशेषण वापरत नाही, क्रियाविशेषण वापरतो: ‘एस्तोय ब्येन’. बाई असो, बुवा असो, ‘ब्येन’ बदलत नाही.

तुम्ही म्हणालात त्या वाक्याचा अर्थ मात्र वेगळाच होतो. माणसाबद्दल बोलताना ‘एस्तार’ या क्रियापदाबरोबर ‘ब्वेना’ आलं की ती अंगाबांध्याबद्दलची उद्गारवाचक शेरेबाजी होते, नाक्यावरची पोरं ‘काय आयटम आहे’ म्हणतात त्या जातीची. म्हणजे ‘कशी आहेस?’ला तुम्ही उत्तर दिलंत, ‘एकदम आयटम!’ मैत्रीण हसली नसती तरच नवल.

ब्वेनोला आपण ‘चांगला’ या एकाच खुंटीला टांगतो, तिथेच सगळी गडबड सुरू होते. त्याच्या शेजारी ‘बरा’ ठेवून पाहा. आजच्या मराठीत ‘बरा’ जरा कोमट झालाय. ‘सिनेमा कसा होता?’ ‘बरा होता.’ म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, एवढंच. पण त्याच ‘बरा’चा कोकणी भाऊ अजून भरभक्कम आहे. गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, तेव्हा देवाकडे कुणी ‘ठीकठाक’ मागत नाही. ब्वेनो हा त्या कोकणी बऱ्यासारखा आहे. शिवाय मराठी ‘बरा’ ज्या ज्या गल्ल्यांतून फिरतो, त्यातल्या बहुतेक गल्ल्यांतून ब्वेनोही फिरतो. खाली एकेक पाहू.

आधी दोन ‘असणं’ वेगळी करू. स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत आणि दोन्हींना मराठीत ‘असणे’च म्हणतात. पुस्तकं सांगतात की सेर कायमचं आणि एस्तार तात्पुरतं. हे अर्धंच खरं आहे. ब्वेनोपुरतं तरी मी एक देशी ताळा देतो. मराठीत तुमच्या तोंडी ‘असतो, असते’ येत असेल तर सेर घ्या. ‘झालंय, लागतंय’ येत असेल तर एस्तार घ्या. ‘पालेभाजी चांगली असते’, म्हणजे तब्येतीला, एकंदरीत: इथे सेर. ‘आजची पालेभाजी छान झालीय’: इथे एस्तार. ‘ला सोपा एस्ता ब्वेना’ म्हणजे सूप मस्त झालंय. (हो, सूपला स्पॅनिशमध्ये ‘सोपा’ म्हणतात. पहिल्याच तासाला कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, पेपर सोपा असेल का?’ आणि वर्गभर हशा.) दूध नासलं असेल तर ‘ला लेचे नो एस्ता ब्वेना’. दुधाचा मूळ स्वभाव कुणी बिघडवलेला नाही, हे भांडंभर दूध गेलंय, एवढंच.

माणसाच्या बाबतीत सेर लावलंत तर अर्थ स्वभावाचा होतो. ‘एया एस ब्वेना’ म्हणजे ती मनानं चांगली आहे. हे वाक्य तिच्या आईसमोर बिनधास्त म्हणा. ‘एया एस्ता ब्वेना’ तिच्या आईसमोर म्हणू नका.

आता गंमत. एस्तार आणि ब्वेनो यांची एक जोडी अगदी सोवळी आहे आणि ती थेट आपल्या ‘बरा’ची आहे. स्पेनमध्ये आजारातून उठलेल्या माणसाला विचारतात, ‘या एस्तास ब्वेनो?’ म्हणजे ‘आता बरा आहेस का?’ बरं होणं याला ‘पोनेर्से ब्वेनो’ म्हणतात. ताप आलेल्या नातवाला आजी म्हणते, ‘आ बेर सी ते पोनेस ब्वेनो प्रोंतो’, लवकर बरा हो बाबा. दोन भाषा जगाच्या दोन टोकांना, एकमेकींना न विचारता ‘चांगला’ आणि ‘आजारातून उठलेला’ हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवून बसल्यात. मात्र लॅटिन अमेरिकेत ही रीत कमी आहे. तिथे ‘मेहोराते’ म्हणतात. तेही घरचंच आहे, कारण ‘मेहोर’ हे ब्वेनोचंच ‘अधिक चांगला’ हे रूप. तुमच्या मैत्रिणीला ताप आला तर ‘मेहोराते’ म्हणा. आणि स्वतः तापातून उठलात तर ‘या एस्तोय मेहोर’ म्हणा, आता बरं वाटतंय. मागचा हशा पुन्हा नको असेल तर ब्वेनापासून लांबच राहा.

दुसरा घोटाळाही मराठीच घालते, आणि याकडे पुस्तकांचं लक्ष जात नाही, कारण ती मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात. आपण म्हणतो, ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली खेळते’. खेळण्याबद्दल बोलतोय, तरी शब्द खेळणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. त्यामुळे मराठी विद्यार्थी सहज ‘एया ह्वेगा ब्वेना’ असं म्हणून जातात. स्पॅनिशमध्ये क्रिया कशी झाली हे सांगायचं असेल तर ‘ब्येन’ आणि फक्त ‘ब्येन’: ‘एया ह्वेगा ब्येन’. ‘आब्ला ब्येन एस्पान्योल’, म्हणजे स्पॅनिश चांगली बोलते. मी वर्गात एकच युक्ती देतो: चांगलं नाम आहे की चांगली क्रिया? वस्तू, माणूस, प्रसंग चांगला असेल तर ब्वेनो. बोलणं, खेळणं, झोपणं चांगलं झालं असेल तर ब्येन. तब्येतीच्या प्रश्नाला उत्तर देताना स्पॅनिश डोक्यात ‘कशी चाललीय’ हा विचार असतो, म्हणून तिथेही ब्येन.

ऐकताना ब्वेन आणि ब्येन फार जवळचे वाटतात. ओठांचा चंबू होतो तो ब्वेन, ओठ फाकतात तो ब्येन. आरशासमोर दोन दिवस म्हणून पाहा.

या ‘ब्वे’चीही एक छोटी गोष्ट आहे. मूळ लॅटिन शब्द ‘बोनुस’. लॅटिनमधल्या आघात (म्हणजे उच्चारातला जोर) असलेल्या र्‍हस्व ‘ओ’चा स्पॅनिशमध्ये बहुतेकदा ‘वे’ झाला: ‘पोर्ता’चं ‘प्वेर्ता’ म्हणजे दार, ‘नोवुस’चं ‘न्वेबो’ म्हणजे नवा. आघात दुसरीकडे गेला की जुना ‘ओ’ तसाच राहतो, म्हणून चांगुलपणा म्हणजे ‘बोन्दाद’, ‘ब्वेन्दाद’ नव्हे. ‘बोनितो’ म्हणजे सुंदर, हाही याच घरातला, मुळात ‘बोनुस’चं लाडाचं रूप. पोर्तुगीजनं हा बदल केला नाही. तिथे पुल्लिंगी ‘बों’ आणि स्त्रीलिंगी ‘बोआ’. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च, 1605 साली ज्याचं पवित्रीकरण झालं, त्यातला ‘बॉम’ म्हणजे आपला ब्वेनोच.

आणि इथे एक जुना हिशेब चुकता करून टाकतो. ‘बॉम बाहिया, म्हणजे चांगली खाडी, त्यावरून बॉम्बे’ ही व्युत्पत्ती तुम्हीही ऐकली असेल. पोर्तुगीजमध्ये खाडी किंवा उपसागर या अर्थाचा ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. पोर्तुगीज खलाशी बोलला असता तर ‘बोआ बाइया’ म्हणाला असता. विशेषणाच्या एका प्रत्ययात ती कहाणी आपटते. मुंबादेवी आपल्या जागी सुखरूप.

स्पॅनिशमध्ये ब्वेनोची रूपं चार: ब्वेनो, ब्वेना, ब्वेनोस, ब्वेनास. त्यात पाचवं ‘ब्वेन’ कुठून आलं? पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी आलं की ब्वेनोचा शेवटचा ‘ओ’ गळतो. ‘उन ब्वेन आमिगो’, पण ‘उना ब्वेना आमिगा’. स्त्रीलिंगी रूपाला काही होत नाही. नामानंतर आलं तर पूर्ण रूप: ‘उन ओंब्रे ब्वेनो’.

जागा बदलली की अर्थही सरकतो, आणि मराठीला हा प्रकार अनोळखी आहे, कारण आपलं विशेषण नामाच्या मागे सहसा जातच नाही. ‘उन ब्वेन मेदिको’ म्हणजे हाताला गुण असलेला, आपल्या कामात पक्का डॉक्टर. ‘उन मेदिको ब्वेनो’ म्हणजे अनेक डॉक्टरांतला चांगला, किंवा माणूस म्हणून चांगला. आधी आलेलं ब्वेन त्या भूमिकेला चिकटतं: डॉक्टर म्हणून, बाप म्हणून, मित्र म्हणून. नंतर आलेलं ब्वेनो निवड करतं, दहा जणांतून एकाकडे बोट दाखवतं. हा नियम दगडावरची रेघ नाही. बोलणारा आवाजाच्या चढउतारानं अर्थ इकडचा तिकडे करू शकतो. पण लिहिताना पाळलात तर फसणार नाही.

माणसाच्या भलेपणाची चेष्टाही हाच शब्द करतो. कुणी कुणाबद्दल ‘एस मुय ब्वेनो...’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर समजा, पुढे ‘पण’ आहे. आपण ‘बिचारा फार साधा आहे हो’ म्हणतो, तसंच. म्हणून खरोखर स्तुती करायची असेल तर स्पॅनिश माणूस कधी कधी मुद्दाम जोडतो, ‘एन एल ब्वेन सेंतीदो दे ला पालाब्रा’, शब्दाच्या चांगल्या अर्थानं बरं का! निखळ भल्या माणसासाठी स्पेनमध्ये ‘मास ब्वेनो के एल पान’ असं म्हणतात, पावापेक्षाही चांगला. इथे ‘मेहोर’ न वापरता ‘मास ब्वेनो’ का? कारण दर्जा मोजायचा असेल तर मेहोर. मनाचा चांगुलपणा सांगायचा असेल तर मास ब्वेनो चालतं. आपल्याकडे अशा माणसाला देवमाणूस म्हणतात. त्यांनी पाव निवडला. लॅटिन अमेरिकेत एकाच माणसाबद्दलही ‘एस ब्वेना हेंते’ म्हणतात. ‘हेंते’ म्हणजे खरं तर लोक, पण माणूस एकच असतो: ‘भला माणूस आहे’.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. ‘उन ब्वेन रातो’ म्हणजे काय? शब्दशः चांगला वेळ. पण ‘एस्पेरे उन ब्वेन रातो’ म्हणजे ‘मी बराच वेळ थांबलो’. बरा, त्याला एक ‘च’ लावला की झालं मोजमाप! ‘उना ब्वेना कान्तिदाद’ म्हणजे बरीच रक्कम. चांगल्यापासून ‘पुष्कळ’कडे जाणारी ही पायवाट दोन्ही भाषांत तुडवलेली आहे. ‘चांगला’ही याच वाटेनं जातो. ‘बाबांनी चांगलाच दम दिला’ यात चांगलं काही नसतं. स्पॅनिशमध्येही ‘ले एचो उना ब्वेना ब्रोंका’ म्हणजे त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. ‘उन ब्वेन सुस्तो’ म्हणजे चांगलाच दचकलो. मोजमापाच्या या अर्थात ब्वेनो नेहमी नामाच्या आधीच बसतं. हे ध्यानात ठेवलंत तर वाचताना पुष्कळ कोडी सुटतील.

‘उन ब्वेन दिया’ याचंही असंच. भाषांतराच्या धंद्यात मी नवा होतो तेव्हा ‘उन ब्वेन दिया सेर्रो ला फाब्रिका’ या वाक्याचं ‘एका चांगल्या दिवशी त्यानं कारखाना बंद केला’ असं करून बसलो होतो. तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त लिहिलं, ‘कामगारांना विचारा, दिवस चांगला होता का.’ अर्थ होता, ‘एके दिवशी अचानक’. हवा छान असलेला किंवा मजेत गेलेला दिवस सांगायचा असेल तर ‘उन दिया ब्वेनो’ जास्त सुरक्षित.

उपरोधालाही दोन्ही भाषा हाच शब्द वापरतात. मुलानं भिंतीवर रंग सांडला की स्पेनमधली आई म्हणते, ‘ब्वेना ला आस एचो!’ आपली आई म्हणते, ‘चांगला उद्योग करून ठेवलास!’ दोघी एकाच सुरात. भर पावसात गाडी बंद पडली तर ‘प्वेस एस्तामोस ब्वेनोस!’ म्हणजे ‘बरे अडकलो!’ उशिरा शहाणपण सुचलेल्याला ‘आ ब्वेनास ओरास!’ पूर्ण म्हण आहे ‘आ ब्वेनास ओरास, मांगास बेर्देस’. मांगास बेर्देस म्हणजे हिरव्या बाह्या. 1476 साली उभ्या राहिलेल्या ‘सांता एर्मान्दाद’ नावाच्या पहारेकरी दलाच्या गणवेशाला हिरव्या बाह्या असत आणि ते चोर पळाल्यावर पोहोचत, असं या म्हणीचं कारण परंपरेनं सांगतात. आपलं वरातीमागून घोडं तिथे हिरव्या बाह्यांचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, वाक्याच्या तोंडाशी येणारा ब्वेनो. तो विशेषण उरलेला नसतो, त्यामुळे बाईनं म्हटलं तरी ब्वेनोच, ब्वेना नाही. आणि तो म्हणजे आपला ‘बरं’ आहे, जवळपास जसाच्या तसा. ‘ब्वेनो, मे बोय’, बरं, निघतो मी. ‘ब्वेनो, ब्वेनो’, बरं बरं, कळलं. ‘सिनेमाला जाऊ या का?’ ‘ब्वेनो.’ म्हणजे ‘बरं’. या उत्तरात मात्र ब्वेनो आपल्या ‘बरं’इतकाच कोमट आहे. खरंच उत्साह असेल तर दुसरा कुठलातरी शब्द येईल, त्यामुळे असं उत्तर मिळालं तर सिनेमा बदलायचा का, एवढा विचार करून पाहा. ‘ब्वेनो...’ असा लांबवला तर समजा, समोरच्याला पटलेलं नाही, पण तोडून बोलायचं नाही. बोलता बोलता स्वतःची चूक सुधारतानाही तो येतो: ‘आम्ही वीस जण होतो, ब्वेनो, एकोणीस.’ इथे आपण ‘बरं’ न म्हणता ‘म्हणजे’ म्हणतो. शंभर टक्के जुळलं असतं तर मला दृष्ट लागल्यासारखंच वाटलं असतं.

‘के ब्वेनो के बिनिस्ते!’ हे तुमच्या मैत्रिणीकडून पुष्कळदा ऐकाल: ‘बरं झालं आलीस!’ स्पेनमध्ये याच जागी ‘के ब्येन के आयास बेनीदो’ असं म्हणण्याकडे कल असतो. दोन्ही बरोबर, तिकडचं तिकडे, इकडचं इकडे. जेवणाबद्दलही देशोदेशीचा फरक आहे. लॅटिन अमेरिकेत कुणाच्या घरी जेवलात तर ‘एस्ता ब्वेनो’पेक्षा ‘एस्ता रिको’ जास्त गोड लागतं. अर्जेंटिनात तर सिनेमा, बेत, पुस्तक, सगळ्यालाच ‘एस्ता ब्वेनो’ म्हणतात, ‘भारी आहे’ या अर्थानं.

नमस्कारातलं ब्वेनोस घाईत सांगतो. ‘ब्वेनोस दियास’ अनेकवचनात आहे, आणि ‘दिया’ ‘आ’कारान्त असूनही पुल्लिंगी, म्हणून ‘ब्वेनोस’. ‘तार्देस’ आणि ‘नोचेस’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ब्वेनास’. अर्जेंटिनात ‘ब्वेन दिया’ हे एकवचनही रोजचं आहे. दुकानात शिरताना नुसतं ‘ब्वेनास!’ म्हटलं तरी चालतं. ‘ब्वेनास नोचेस’ मात्र निरोपालाच असं समजू नका, रात्री कुणाकडे पोहोचल्यावरही तेच म्हणतात.

ऑफिसात स्पॅनिश लागणार असेल तर एक शब्द आत्ताच गाठीला बांधा: ‘बिस्तो ब्वेनो’. शब्दशः ‘पाहिलं, चांगलं’. अर्थ मंजुरी, वरिष्ठांची सही. बिलं, रजेचे अर्ज, आराखडे सगळे त्याच्यासाठी खोळंबलेले असतात. एका विद्यार्थ्यानं ‘साहेबांचा बिस्तो ब्वेनो आलेला नाही’ हे वाक्य ‘साहेबांची नजर अजून बरी झालेली नाही’ असं वाचलं होतं आणि उत्तरात काळजी व्यक्त केली होती. फार मोठ्या मनाचा मुलगा.

आणि तुमच्या मैत्रिणीला उद्या फोन केलात आणि तिकडून पहिलाच शब्द ‘ब्वेनो?’ आला, तर दचकू नका. मेक्सिकोत फोन उचलला की असंच म्हणतात, आपल्या ‘हॅलो’सारखं. ती पुढे ‘कोमो एस्तास?’ विचारेलच. तेव्हा ओठ फाकवा आणि म्हणा, ‘एस्तोय ब्येन.’